बाळाला पूर्ण भूल देताना मेंदू जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

१४ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं भुलीच्या औषधांबद्दल एक इशारा जाहीर केला. तीन वर्षांखालच्या मुलांना, किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला, ही औषधं तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिली गेली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. यादीत सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे हुंगवायचे वायू आणि प्रोपोफॉल, केटामाइन, मिडॅझोलाम अशी नावं होती. थोडक्यात, पूर्ण भूल देण्यासाठी रोज जे वापरलं जातं ते जवळपास सगळंच. तेव्हापासून आईवडील एकच विचारतात, "मग यातलं सुरक्षित औषध कोणतं?"

प्रश्न रास्त आहे, पण औषधाचं नाव बदलून मेंदू वाचत नाही. भुलीखालच्या तान्ह्या बाळाच्या मेंदूला नक्की इजा करतात अशा गोष्टी आपल्याला माहीत आहेत, आणि त्या बहुतेक करून रक्तदाब, कार्बन डायऑक्साइड, साखर आणि सोडियम यांच्या आकड्यांत सापडतात. औषधाच्या विषारीपणाबद्दल वीस-पंचवीस वर्षं वाद चालू आहे. या आकड्यांबद्दल वाद नाही, आणि दुर्लक्ष मात्र त्यांच्याकडेच जास्त होतं.

आधी औषधांबद्दल. संशयाची सुरुवात १९९९ मध्ये झाली. जन्मून सात दिवस झालेल्या उंदराच्या पिलांत एनएमडीए हा ग्राहक (चेतापेशीवरची संदेश घेणारी जागा, रिसेप्टर) औषधानं अडवून ठेवला, तर मेंदूतल्या चेतापेशी मोठ्या संख्येनं स्वतःहून मरतात, असं दिसलं. केटामाइन आणि नायट्रस ऑक्साइड याच ग्राहकावर काम करतात. २००३ मध्ये मिडॅझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन हे नेहमीचं मिश्रण तशाच पिलांना सहा तास दिलं गेलं. पेशी मेल्याच, शिवाय पिलं मोठी झाल्यावर शिकण्यात आणि आठवणीत मागे पडली. पुढे माकडांच्या पिलांतही पेशी मरताना दिसल्या. त्यात चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशीही होत्या.

हे घडतं कसं, त्याची रूपरेषा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. या वयात चेतापेशी एकमेकींशी जोडण्या बांधत असतात, आणि जिला पुरेसे संदेश मिळत नाहीत ती पेशी अनावश्यक ठरून बाद होते. भुलीची औषधं नेमकी हीच ये-जा थांबवतात. मग पेशीतल्या मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, कॅस्पेज विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःला मोडून टाकते. त्यात आणखी एक गुंता आहे. मोठ्यांच्या मेंदूला शांत करणारा गाबा हा संदेशवाहक अगदी कोवळ्या चेतापेशीला उलट उत्तेजित करतो, कारण तिच्या आत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. गाबाच्याच वाटेनं काम करणारं सेव्होफ्लुरेन नवजात बाळाच्या मेंदूवर मोठ्यांसारखंच वागेल हे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

पण सात दिवसांच्या पिलाचे सहा तास आणि माणसाच्या बाळाचे सहा तास सारखे नसतात. पिलाचा मेंदू काही आठवड्यांत जेवढा वाढतो, तेवढं वाढायला माणसाला वर्षं लागतात. शिवाय इतक्या लहान पिलाला नळी घालून श्वास देणं आणि रक्तदाब, साखर, रक्तातले वायू सतत मोजत राहणं फार अवघड. काही प्रयोगांत पेशी नेमक्या औषधानं मेल्या की श्वास मंदावल्यानं, हे वेगळं काढणं सोपं नव्हतं. आणि ही गोची फक्त उंदरांपुरती नाही.

माणसांतले तीन अभ्यास महत्त्वाचे. गॅस नावाच्या चाचणीत सात देशांतली ७२२ तान्ही बाळं होती, सगळी हर्नियाच्या ऑपरेशनची. चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून काहींना मणक्यातून भूल देऊन जागंच ठेवलं, काहींना सेव्होफ्लुरेननं पूर्ण भूल दिली. पूर्ण भूल सरासरी तासाभराच्या आतबाहेर चालली. दोन वर्षांच्या वयात आणि पुन्हा पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा दोन्ही गटांत बौद्धिक चाचण्यांच्या गुणांत फरक नव्हता. पांडा अभ्यासात भावंडांच्या १०५ जोड्यांची तुलना झाली, एकाला तीन वर्षांच्या आत एकदा भूल दिलेली, दुसऱ्याला कधीच नाही. तिथेही बुद्ध्यांक सारखाच. मास्क अभ्यासात ९९७ मुलं होती. एकदा भूल मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यांक कमी नव्हता, अनेकदा मिळालेल्यांचाही नव्हता. मात्र अनेकदा भूल मिळालेल्या मुलांचा माहिती हाताळण्याचा वेग आणि बोटांची बारीक कामं थोडी मागे होती, आणि त्यांच्या पालकांनी वागणूक व वाचनाच्या तक्रारी जास्त नोंदवल्या.

याचा अर्थ, तासाभराची एक भूल म्हणून ऑपरेशन टाळावं याला आधार नाही. लांबलेल्या किंवा वारंवारच्या भुलीबद्दल शंका उरते, पण तिथेही तिढा आहे. दोन वर्षांच्या आत तीनदा भूल लागलेलं मूल मुळातच जास्त आजारी असतं. दोष भुलीचा, आजाराचा, की अतिदक्षता विभागात घालवलेल्या आठवड्यांचा, हे आकडेशास्त्रानं पूर्ण सुटत नाही.

थांबायचं कधी, कधी नाही

इशाऱ्याचा सगळ्यात वाईट वापर म्हणजे "तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू". काही ऑपरेशनं मेंदूच्या वाढीसाठीच वेळेत लागतात. जन्मजात दाट मोतीबिंदू पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढला नाही, तर मेंदूचा दृष्टीचा भाग प्रतिमा वाचायला शिकतच नाही. मग लेन्स कितीही चांगली बसवा, नजर येत नाही. जन्मतः बहिऱ्या बाळाचं कॉक्लिअर इम्प्लांट वर्षभराच्या आसपास झालं तर भाषा येण्याची शक्यता खूपच चांगली असते. न उतरलेला अंडकोष सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान खाली आणतात. तान्ह्या बाळाचा जांघेतला हर्निया थांबवला तर आतडं अडकून रात्री-अपरात्री घाईचं ऑपरेशन करायची पाळी येते, आणि ते पोट फुगलेल्या, पाणी कमी झालेल्या बाळाचं. अशा भुलीत मेंदूला धोका कैक पटींनी जास्त असतो.

थांबवता येतात त्या गोष्टी वेगळ्या: केवळ दिसण्यासाठीची दुरुस्ती, निर्णय न बदलणाऱ्या तपासण्या, सवयीनं लिहून दिलेला फेर-एमआरआय. प्रश्न विचारायचाच असेल तर इथे विचारावा: "या तपासणीचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर ती आत्ता का?"

एमआरआयसाठी तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला बऱ्याचदा भूल लागतच नाही. शेवटचं दूध तपासणीच्या वेळेशी जुळवायचं, म्हणजे बाळ भुकेलं येईल. स्कॅनच्या अर्धा तास आधी पोटभर पाजायचं, ढेकर काढायची, कानांत मऊ बोळे आणि वरून आवाजरोधक कानटोप्या घालायच्या, घट्ट गुंडाळायचं आणि खोली अंधारी ठेवायची. गुंडाळण्याआधी धातूची बटणं, पिना, काळ्या दोऱ्यातले मणी काढायला विसरू नये. हे फसतं ते बहुधा वेळ चुकल्यामुळे. यंत्रावरचा आधीचा रुग्ण लांबतो, पाजून चाळीस मिनिटं होतात, बाळ झोपून उठतं. म्हणून पाजायचं ते यंत्र मोकळं होत आल्याचा निरोप आल्यावरच.

भूल लागणारच असेल तर कामं एकत्र करावीत. हर्निया, सुंता, कानाच्या पडद्यात नळी, श्रवणाची तपासणी, रक्ताचे नमुने हे सगळं वेगवेगळ्या विभागांचं असलं तरी एका भुलीत बसू शकतं. अडचण वैद्यकीय नसते, दोन विभागांची वेळापत्रकं जुळवण्याची असते. पालकांनी हट्ट धरला तर ती जुळतात.

मणक्यातली भूल

जांघेच्या किंवा त्याखालच्या तासाभराच्या ऑपरेशनला मेंदूवर काम करणारं औषधच टाळता येतं. तान्ह्या बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत खाली असतो, त्यामुळे सुई चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये किंवा त्याखाली घालतात. बाळ बसतं धरलेलं असो वा कुशीवर, कंबर वाकवायची, मान नाही. मान दुमडली की श्वासनलिका दबते आणि ऑक्सिजन उतरतो. ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन या सुन्न करणाऱ्या औषधाचा डोस साधारण ०.२ मिली प्रति किलो, म्हणजे तीन किलोच्या बाळाला ०.६ मिली. सुईच्या पोकळीत राहणारं औषध धरून थोडं जास्त भरलं नाही, तर अर्धीमुर्धी भूल लागते आणि दोष तंत्राला जातो. किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा इतका जास्त का? बाळाच्या मणक्यातलं पाणी किलोमागे मोठ्यांच्या जवळपास दुप्पट असतं, औषध त्यात पातळ होतं आणि लवकर ओसरतं. हाती तास-सव्वा तास धरावा. दोन्ही बाजूंचा हर्निया आणि सावकाश हात चालणारा सर्जन असेल तर ही पद्धत निवडू नये.

सगळ्यात धोक्याची चूक भूल दिल्यानंतर होते. डायथर्मीची (विजेनं रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाची) पट्टी पाठीखाली सरकवायला कुणीतरी पाय वर उचलतं, औषध वर चढतं आणि पूर्ण मणका भूल धरतो. मोठ्या माणसाचा रक्तदाब पडला असता. बाळाचा बहुधा पडत नाही. ते हात हलवायचं थांबतं आणि श्वास थांबतो, म्हणून लक्ष छातीकडे हवं. पट्टी आधीच लावून ठेवावी. सुन्न पायात सलाईन लावणं सोपं जातं, हा एक वरकड फायदा. चोखणीवर साखरेचं पाणी दिलं की बरीच बाळं झोपून जातात. ऑपरेशन लांबलं म्हणून वरून गुंगीचं औषध दिलं तर मूळ हेतूच संपतो. कमी दिवसांच्या बाळात त्यानं श्वास थांबण्याचा धोकाही वाढतो.

पूर्ण भूल देऊनही पाठीच्या खालच्या टोकातून सुन्न करणारं इंजेक्शन, म्हणजे कॉडल, दिलं तर भुलीच्या वायूचा डोस उतरवता येतो. ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन १ मिली प्रति किलो, म्हणजे २.५ मिलिग्रॅम प्रति किलो, ही कमाल मर्यादाच आहे. त्यानंतर सर्जननं जखमेत पुन्हा तेच औषध टोचायचं नाही, हे आधी बोलून ठेवावं.

वायू कमी, पण किती कमी

सहा महिन्यांखालच्या बाळाला सेव्होफ्लुरेन मोठ्यांपेक्षा जास्त लागतं. एक मॅक (निम्म्या रुग्णांत कापल्यावरची हालचाल थांबवणारी वायूची मात्रा) सुमारे ३.२ टक्के, मोठ्या मुलांत २.५, चाळिशीतल्या माणसात २ च्या आसपास. त्यामुळे सवयीनं वायूचा डायल वर ठेवला जातो. पण ही मात्रा कापल्यावर हालचाल होऊ नये यासाठीची आहे, आणि हालचाल मुख्यतः मज्जारज्जू थांबवतो. मेंदूला तेवढं लागत नाही. एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तीन वर्षांखालच्या ६४८ मुलांचा मेंदूचा आलेख भुलीत पाहिला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांत तो मध्येमध्ये पूर्ण सपाट झालेला आढळला. म्हणजे भूल गरजेपेक्षा खोल होती. बीआयएससारखा एकच आकडा दाखवणारं यंत्र एक वर्षाखाली भरवशाचं नाही. वापरायचंच तर कच्चा आलेख पाहायला शिकावं.

रेमिफेंटॅनिल हे वेदनाशामक ०.१ ते ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, किंवा डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध १ मायक्रोग्रॅम प्रति किलो दहा मिनिटांत सावकाश देऊन पुढे ०.२ ते ०.७ प्रति किलो प्रति तास, यांनी वायूची गरज बरीच उतरते. डेक्समेडेटोमिडिननं प्राण्यांत पेशी वाचताना दिसल्या, म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ट्रेक्स चाचणीत अशी कमी वायूची भूल आणि नेहमीची भूल दोन वर्षांखालच्या, दोन तास किंवा जास्त वेळ भूल लागेल अशा मुलांत ताडून पाहिली. तिसऱ्या वर्षीच्या बुद्ध्यांकात ठोस फरक दिसला नाही. तरीही कमी वायूचा एक फायदा उरतो: रक्तदाब सांभाळणं सोपं जातं. डेक्समेडेटोमिडिननं नाडी मंदावते. रक्तदाब ठीक असेल तर तिच्यामागे ग्लायकोपायरोलेट (नाडी वाढवणारं औषध) घेऊन धावू नये, रक्तदाब उसळी मारतो.

आता ते आकडे

२०१४ मध्ये सहा तान्ह्या बाळांची माहिती प्रसिद्ध झाली. ऑपरेशन साधीच होती, पण नंतर चोवीस तासांच्या आसपास बाळांना झटके आले आणि मेंदूला इजा झाल्याचं निष्पन्न झालं. सामायिक धागा होता तो भुलीतल्या कमी रक्तदाबाचा आणि सोबत कमी कार्बन डायऑक्साइडचा.

रक्तदाब पडण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं आहे. मास्कनं भूल देताना सेव्होफ्लुरेन ८ टक्क्यांवर असतं. बाळ झोपतं, सगळे नस शोधण्यात गुंततात, कुणीतरी पिशवी दाबून श्वास देत राहतं आणि डायल ८ वरच राहतो. स्वतः श्वास घेणारं बाळ खोल गेलं की श्वास कमी करून वायू आपोआप कमी घेतं. पिशवी दाबली की ही राखण गेली. श्वास हातात घेताच डायल ३-४ वर आणायचा, एवढं एकच पाळलं तरी फरक पडतो. रक्तदाब मोजायचा दंडपट्टा (कफ) बाळाच्या दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के रुंद असावा. लहान कफ खोटा जास्त रक्तदाब दाखवतो आणि आपण निश्चिंत राहतो. मोजणी दर पाच नव्हे, दोन-तीन मिनिटांनी. दिवस भरलेल्या तान्ह्या बाळाचा सरासरी रक्तदाब ३५ मिमी (पारा) च्या खाली रेंगाळू देऊ नये. आधी वायू कमी, मग १० मिली प्रति किलो समतोल द्रव, तरीही नाही तर रक्तदाब वाढवणारं औषध, या क्रमानं. लागोपाठ तिसरा द्रवाचा डोस देण्याआधी डायलकडे एकदा बघावं.

रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३० मिमी (पारा) च्या खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. आधीच दाब कमी, त्यात वाहिन्या आकसलेल्या. तीन किलोच्या बाळाला एका श्वासाला १८ ते २४ मिली हवा पुरते. हातानं पिशवी दाबताना ती सहज दुप्पट होते. लक्ष्य ४० ते ४५ ठेवावं. मात्र इतक्या लहान श्वासात मॉनिटरचा नमुना ताज्या वायूनं पातळ होतो आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दिसतो, म्हणून लांब ऑपरेशनमध्ये एकदा रक्ताचा नमुना तपासून दोन आकड्यांतलं अंतर ओळखून ठेवावं.

साखरेसाठी द्रवात १ टक्का ग्लुकोज पुरतं. तयार मिळत नसेल तर रिंगर लॅक्टेटच्या ५०० मिलीतून १० मिली काढून ५० टक्के डेक्स्ट्रोज १० मिली घालावं आणि बाटली पाच-सहा वेळा उलटीपालटी करावी. जड डेक्स्ट्रोज तळाशी, म्हणजे नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं आणि न ढवळल्यास पहिल्या काही मिनिटांत सगळं बाळात जातं. बाटलीवर लेबल लावायचं. ०.१८ टक्के सलाईनसारखे पातळ द्रव थिएटरमध्ये नकोतच. ऑपरेशनच्या ताणात मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, सोडियम उतरतं आणि मेंदू सुजतो. बाळाच्या कवटीत त्याला जागाही कमी. अतिदक्षतेतून १० टक्के डेक्स्ट्रोज चालू असलेलं नवजात बाळ आलं तर ते थेंब थिएटरच्या दारात बंद करू नयेत. साखर ४७ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ मिली प्रति किलो, आणि पुन्हा तपासणी.

यातलं बरंचसं उपाशीपणापासून सुरू होतं. सकाळी आठचं ऑपरेशन बाराला ढकललं जातं आणि बाळ दहा तास कोरडं राहतं. युरोपीय संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिका स्वच्छ पाणी एक तास आधीपर्यंत, आईचं दूध तीन तास आणि वरचं दूध चार तास आधीपर्यंत देऊ देते. जुन्या नियमांत पाण्याला दोन तास आणि आईच्या दुधाला चार तास आहेत. कोणताही पाळा, पण यादी पुढे सरकली की वॉर्डला फोन करून पुन्हा पाजायला सांगणारी व्यक्ती ठरलेली असावी.

तापमान ३६.५ ते ३७.५. गरम हवेचं पांघरूण लावून विसरलं तर लहान बाळ तासाभरात ३८ च्या वर जातं, आणि तापलेला मेंदू ऑक्सिजन जास्त मागतो. कमी दिवसांच्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन देत राहू नये, डोळ्याच्या पडद्यासाठी रक्तातल्या ऑक्सिजनची ९० ते ९५ टक्के पातळी बरी.

गरोदर आईचं अत्यावश्यक ऑपरेशन या इशाऱ्यामुळे थांबवू नये. ॲपेंडिक्स फुटू देणं बाळाला भुलीपेक्षा जास्त महागात पडतं. सिझेरियनला बहुधा मणक्यातली भूल असते, आणि पूर्ण भूल दिली तरी बाळ थोड्याच मिनिटांत बाहेर येतं.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर बहुधा ऑपरेशनचं नाव असतं, भुलीचा तपशील नसतो. तो मागून घ्यावा: भूल किती वेळ चालली, कोणती औषधं, नळी घालायला त्रास झाला का, रक्तदाबाला औषध लागलं का. पुढच्या भूलतज्ज्ञाला बाळ किती आठवड्यांचं जन्मलं हेही सांगावं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं, गर्भधारणेपासून मोजलेलं वय साठ आठवडे होईपर्यंत, हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशननंतरही रात्रभर श्वास आणि नाडी मॉनिटरवर ठेवतात. मणक्यातून भूल दिली असली तरी ही रात्र चुकवायची नाही. गॅस चाचणीत श्वास थांबण्यातला फरक दिसला तो पहिल्या अर्ध्या तासापुरता, त्यानंतर दोन्ही गट सारखेच होते.